ओवळी तार

"तुळस बोलायलीय ग माझ्याशी," वैजूआत्या म्हणाली आणि लगेच तिने पोह्यांच्या कढईवर झाकण ठेवलं, जणू उघडं राहिलं तर ते वाक्य वाफेबरोबर उडून जाईल.

ऋताने हातातला कप खाली ठेवला. आत्या सत्तरी ओलांडलेली, देवाधर्मात बुडालेली, पण देव दिसला, देव भेटला असल्या गोष्टी करणाऱ्यांतली नव्हे. उलट कुणी तसं सांगायला लागलं की ती विषय बदलायची. ऐन तिशीत नवरा गेला, तेव्हापासून ती भावांच्या घरी राहिली, आणि भाऊ गेल्यावर भाचीच्या, म्हणजे ऋताच्या. प्रत्येक घरात तिने स्वतःसाठी अगदी थोडी जागा घेतली. एक पेटी, एक तांब्या आणि तिचं सोवळं. सोवळं मात्र कडक. दाराशी पार्सलवाल्याचा हात लागला तरी पुन्हा आंघोळ. जालन्याची पाणीटंचाई आत्यामुळेच आहे, असं घरात सगळे म्हणायचे, आणि आत्या तेही हसून ऐकून घ्यायची.

"काय बोलते?" ऋताने विचारलं.

"शब्द नाहीत ग. हात लावला की मुंग्या येतात, पार कोपरापर्यंत. आधी जरासं व्हायचं, आता चांगलं जाणवतं." पदराला हात पुसत ती हळूच म्हणाली, "जन्मभर मी एकटीच बोलत होते. आता तिकडनं काही यायलंय."

विजेच्या जोडणीचे आराखडे करणं हा ऋताचा धंदा होता. ओल्या माणसाच्या हाताला लोखंडातून मुंग्या कशाने येतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि ज्या बागेत आत्या रोज सकाळी तुळस खुडायला जायची, त्या बागेचा आराखडा तिनेच केलेला होता.

मराठवाड्यातला उन्हाळा अलीकडे असा माजला होता, की चैत्र लागायच्या आत अंगणातल्या तुळशींच्या काड्या होत. देवाला तर रोज हिरवं पान हवं. मग भाविकांच्या वृंदा मंडळाने औद्योगिक वसाहतीतलं एका बियाणं कंपनीचं जुनं गोदाम घेतलं आणि आत तुळशीची बंद बाग उभी केली. ना ऊन, ना माती. स्टीलच्या लांब पन्हळींतून खताचं पाणी वाहतं, त्यात मुळं लोंबतात आणि वरून जांभळे दिवे जळतात. या पाण्यात विजेचे अगदी हलके ठोके सोडतात. ठोका बसला की मुळाच्या पेशीचं दार क्षणभर किलकिलं होतं आणि झाड एरवीच्या दुप्पट अन्न आत ओढतं. या शोधाला लोक नाडीपाणी म्हणू लागले होते. नाडीची वीज निरुपद्रवी होती, घड्याळाच्या सेलइतकी. धोका तिचा नव्हता, दिव्यांचा होता.

प्रत्येक दिव्यामागे एक डबी असते. ती घरातली वीज दिव्याच्या पोटाला मानवेल अशी करते आणि हे करताना चिमूटभर वीज आपल्या धातूच्या अंगावर सांडते. एका दिव्याचं हे सांडणं मुंगीलाही कळणार नाही. पण शेकडो दिवे पन्हळी पेलणाऱ्या एकाच लोखंडी सांगाड्याला टांगले की चिमटी चिमटीचा पसा होतो. तो पसा जमिनीत नेऊन ओतायला एक हिरवी तार लागते. तार शाबूत असेल तर वीज मुकाट्याने मातीत जाते. नसेल तर ती लोखंडावर दबा धरून बसते, कुणीतरी ओल्या पायांनी येऊन हात लावण्याची वाट बघत.

ऋताने ही बाग जीव लावून आखली होती, तुळशीची म्हणून जरा जास्तच. दिवे, पंप आणि पंखे वेगवेगळ्या वाटांवर, म्हणजे एक बिघडला तर बाकीच्यांना घेऊन बुडू नये. दिवे दिवसभर जळणार, म्हणून तारा गरजेपेक्षा जाड. प्रत्येक केबल पन्हळीच्या वरून नेलेली आणि खोक्यात शिरण्याआधी खाली झोळ दिलेला, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल, आत शिरणार नाही. बोर्ड बाहेरच्या कोरड्या भिंतीवर. खुडणाऱ्यांसाठी दाराशी रबरी बूट. हिरवी तार जिथे पुरायची त्या खड्ड्याची जागा तर तिने चार दिवस हिंडून शोधली होती. जालन्याचा मुरूम कोरडा ठणठणीत, त्यात वीज मुरत नाही. सबंध आवारात टिकणारी ओल एकाच ठिकाणी होती, न्हाणीघराच्या मागे, जिथे मोरीचं पाणी मुरायचं. तिथे तिने मीठ-कोळशाचा खड्डा करून तांब्याची पट्टी पुरली होती.

त्या दिवशी पोहे तसेच टाकून ती बागेत गेली. तशीही तिला जायचंच होतं. तुळशीच्या लग्नाला पन्हळींची दुसरी रांग सुरू व्हायची होती आणि तिच्या आराखड्यावर ऋताची सही हवी होती.

दार उघडताच कोंदट, ओलसर वाफ अंगावर आली, न वाळलेल्या कपड्यांच्या ढिगासारखी. तिच्यावर तुळशीचा वास, पण इतका दाट की तो तुळशीचा वाटेना, मोटारीत टांगायच्या अत्तराच्या पुडीचा वाटला. जांभळ्या उजेडात खुडणाऱ्या बायकांचे हात मार लागल्यासारखे काळेनिळे दिसत होते. पानं जिभेएवढी जाड, लिबलिबीत, चकचकीत. ऋताने एक पान तोंडात टाकलं आणि लगेच हातावर काढलं. पन्हळीत पांढरी मुळं वळवळल्यासारखी हलत होती. रबरी बूट कुठेच नव्हते. सोवळ्यात रबर कसं चालेल, एक बाई म्हणाली. सगळ्या जणी नुकत्या न्हालेल्या, ओलेत्या, अनवाणी, पाण्याने चिंब फरशीवर उभ्या होत्या. एकीने पन्हळीला तळहात टेकला, डोळे मिटले आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

ऋताने खिशातला मापक पन्हळीला लावला, आकडा बघितला आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा लावला.

मुंग्या ही पहिली पायरी. त्याच्या वर चिमटा. त्याच्या वर मूठ आवळते आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही. त्याच्या वर छाती. या बायका चिमट्याच्या जवळ आल्या होत्या, आणि अजून दिव्यांची एक अख्खी रांग लागायची होती.

मागे जाऊन बघितलं तर हिरवी तार भिंतीशीच कापलेली. कापलेल्या टोकाला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं.

बाहेरच्या बोर्डावर 'कान' होता. जुन्या तऱ्हेचा गळती-ब्रेकर अशा दमट जागी सारखा पडतो, म्हणून हे नवं यंत्र निघालं होतं. ते खोलीतल्या विजेची चाल ऐकतं, किती गेली आणि किती परत आली ते जमवून बघतं, काही दिवसांत खोलीचा स्वभाव शिकतं आणि स्वभावाबाहेरचं काही ऐकलं तरच वीज तोडतं. त्याला ओलांडता येणार नाही अशी एक हद्द ऋताने घालून दिली होती. ती कुणीतरी वाढवून ठेवली होती. तिने पडद्यावर बोट फिरवलं. रोज सकाळी, खुडायच्या वेळेला, आलेख थोडा फुगत होता. थोडी वीज परत येत नव्हती. ती आत्याच्या अंगातून जात होती, आणि कार्तिकासाठी एकेक दिवा वाढत गेला तसा फुगवटा हळूहळू मोठा होत गेला होता. हळूहळू, म्हणूनच यंत्राला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याने त्या फुगवट्याला नावही देऊन टाकलं होतं. 'नेहमीचा भार'.

तिने त्या पडद्याचे आणि कापलेल्या तारेचे फोटो काढले. मग ती कचेरीकडे वळली.

मंडळाचे कार्यवाह अनंत धारूरकर कचेरीत प्रसादाच्या पुड्या बांधून घेत बसले होते. मृदू आवाजाचा, स्वच्छ धोतराचा माणूस. तार मीच काढायला लावली, असं त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. ती कुठे जाते हे जेव्हा कळलं, तेव्हा मंडळातली दोन माणसं जेवली नव्हती. तुळशीमाईला एका तारेने मोरीला बांधून ठेवायचं, हा विटाळ कुणाला सोसणार? शुद्धी करून घेतली. हद्दही त्यांनीच यंत्राच्या कंपनीच्या माणसाकडून वाढवून घेतली होती, आरतीच्या वेळी वीज जायची म्हणून.

"आणि मग मुंग्या यायला लागल्या," ऋता म्हणाली.

"मग माई जागृत झाली." धारूरकर हसले. "ताई, मीही विजेचा डिप्लोमा केलाय. काय होतंय ते मला कळत नाही असं समजू नका. पण देवळात हल्ली कुणाला काय जाणवतं, तुम्हीच सांगा. माणसं येतात, फोटो काढतात, जातात. इथे रडतात. तुमच्या आत्याबाईंना विचारा."

दुसरी रांग लावली तर माणूस चिकटून मरेल, असं ऋताने त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तीच त्यांची काळजी होती.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही ते मोजूनमापून ठेवा. मरणार नाही, पण जाणवेल, एवढंच."

तिला शिसारी आली. कापलेल्या तारेची नाही, अडाण्याने कापली असती तर तिने हसून जोडून दिली असती. हा माणूस सगळं जाणून, हात जोडून, देव किती ठेवायचा त्याचं माप मागत होता, भाजीत मीठ सांगावं तसं. सही करणार नाही, तार आज जोडा, असं म्हणून ती उठली. पाठीमागून धारूरकर शांतपणे म्हणाले की सह्या करणारे पुष्कळ आहेत, आणि उद्याच्या मंठेकरबुवांच्या कीर्तनाला मात्र जरूर या.

मंठेकरबुवांचं कीर्तन म्हणजे ऋताचं माहेर होतं. लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून तिने त्यांना ऐकलं होतं. चिपळी हवेत थांबवून बुवा एखादा शब्द सोडून द्यायचे आणि तो शब्द आपसूक आपल्याला भरता यायचा, तेव्हाचा आनंद तिला पुढे कशातच मिळाला नव्हता. विजेचं शिक्षण घेतानासुद्धा एखादी गोष्ट समजली की तिला आत कुठेतरी झांज वाजल्यासारखं वाटायचं.

एकादशीला सकाळी बागेपुढच्या मांडवात बुवा उभे राहिले. आवाज थकला होता, पण ताल तसाच. पूर्वरंगात निरूपण रंगलं, लोक डोलू लागले, ऋताही सगळं विसरून डोलू लागली. आणि मग बुवांनी चिपळी थांबवली आणि म्हणाले, देव आहे कशावरून, असं विचारता? आत जा, माईला हात लावा, आणि तुमच्या बोटांनाच विचारा.

मांडवात टाळ्या पडल्या. ऋताच्या कपाळावरचा बुक्का किडा चालावा तसा वळवळला. ज्या तोंडाने तिला गोडी लावली त्याच तोंडातून ती जांभळी, चकचकीत, लिबलिबीत गोष्ट बाहेर आली होती. तिने पदराने कपाळ पुसून टाकलं.

मध्यंतरात बुवा कोमट पाणी घेत मागे बसले होते. तिने सगळं सांगितलं. बुवांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "त्या तारेला तुम्ही लोक काय म्हणता?"

"अर्थ म्हणतो आम्ही. अर्थाची तार."

बुवांनी डोळे मिटले. "म्हणजे अर्थ खाली तोडून ठेवलाय, आणि वर उभा राहून मी निरूपण करतोय." पाण्याचं भांडं खाली ठेवून ते म्हणाले, "माझं मी निस्तरतो, बाळ. वैजूबाईंना सांगितलंस का?"

ऋताने मान हलवली. नाही.

"मग माझ्याकडे आधी कशाला आलीस? ते काही मी सांगायचं नाही."

उत्तररंगाच्या सुरुवातीला बुवांनी खरंच हात जोडले आणि आपण मघाशी दिलेला दृष्टांत चुकीचा होता, असं म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात ध्वनिवर्धक बंद पडला. तो धारूरकरांनी बंद पाडला, हे ऋताला दिसलं. बुवा थांबले नाहीत, नुसत्या गळ्याने बोलत राहिले. पण तो आता थकलेला गळा होता. पुढच्या ओळींपर्यंत पोचला आणि तिथेच विरला. मागे बायकांत बसलेली आत्या शेजारणीला विचारत होती, काय म्हणाले ग?

दुपारी ऋताने आत्याला स्वयंपाकघरात बसवलं. तिला सोपं करून सांगता येईना, मग तिने आहे तसं सांगितलं. दिवे, तार, मोरी. शेवटी कानाने आखलेला आलेख तिच्या पुढे धरला आणि त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. ही तू.

आत्याने चष्मा लावला. खालची अक्षरं तिने मोठ्याने वाचली, शाळेतल्या मुलीसारखी सुटी सुटी. "नेहमीचा भार." मग चष्मा काढून पुसत राहिली. "यंत्राला कुणी सांगितलं ग? भावजया तर सगळ्या गेल्या."

"आत्या, उद्या दिवे वाढणार आहेत. तुझी मूठ सुटणार नाही. तू जाऊ नकोस."

"तुला माझं एवढंही बघवलं नाही." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "खोटं तर खोटं. माझ्या हाताला काही तरी होत होतं."

ती उठून आपल्या खोलीत गेली. ऋताने मात्र विजेच्या निरीक्षकांना फोटोंसकट सगळं कळवलं, आणि आत्याच्या खोलीचं दार बंद होतं तरी उंबऱ्याशी फराळाचं ताट ठेवून आली.

द्वादशीला सकाळी ऋता उठली तर आत्या घरात नव्हती. ओलं सोवळं नेसून गेल्याच्या खुणा फरशीवर होत्या, दारापर्यंत. ऋता धावतच बागेत पोचली. मांडवात ऊस बांधलेले, अंतरपाट तयार, आणि दुसऱ्या रांगेचे दिवे नुकतेच लावलेले. पहिला हात वैजूबाईंचा, असा मान मंडळाने ठरवला होता. आत्या पन्हळीपासून हातभर अंतरावर उभी होती. हात उचललेला होता, पण पुढे गेला नव्हता.

ऋताने बाहेरच्या बोर्डाचा मुख्य खटका ओढला. सगळी बाग एकदम काळी झाली आणि जांभळ्याची सवय झालेल्या लोकांना दारातून येणारा साधा उजेड डोळ्यांत खुपला. ती न्हाणीमागे गेली. मोरीचं काळं पाणी, साबणाचा फेस, केसांचे गुंतवळ. तिला त्यातलं काही घाण वाटलं नाही. कापलेलं टोक घासून तिने नवी तार पिळून आवळली, पेच घट्ट केला.

धारूरकर मागोमाग आले होते, चार पावलं अलीकडे थांबून. तिथून पुढे यायला त्यांचे पाय तयार नव्हते. लग्नाच्या दिवशी तुम्ही माईला पुन्हा मोरीत बुडवताय, असं ते म्हणाले. ही ओवळी तार आम्ही उद्या काढून टाकू. मंडळाची माणसं जमली. एकाने पुढे होऊन तारेला हात घातला.

"राहू द्या ती," आत्या म्हणाली. ती कधी आली हे कुणाला कळलं नव्हतं. सोवळ्यातल्या बाईला धक्का लागू नये म्हणून माणसं आपोआप बाजूला झाली, आणि तारेवरचा हातही निघाला.

ऋताने कानाचं शिकलेलं सगळं पुसून टाकलं, हद्द जागेवर आणली आणि वीज सुरू केली. पन्हळीला मापक लावला. आकडा शून्याला जाऊन बसला. तेव्हा कुठे तिने आत्याला मान हलवून सांगितलं.

आत्याने पन्हळीवर तळहात टेकला. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच उभी होती, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तिने हात काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"काही नाही," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "काही नाही." बायकांतली एक जण हुंदका देऊन बाहेर गेली.

आत्याने गळून पडलेलं तुळशीचं एक पान उचललं, नाकाशी नेलं, आणि नाक मुरडून पन्हळीतच टाकून दिलं. मग ऋताला विचारलं, "ती तार जिथे जाते, तिथला खड्डा कोरडा पडला तर?"

"तर पुन्हा मुंग्या. उन्हाळ्यात रोज पाणी घालावं लागेल. मोरीचं पुरणार नाही."

देवापुढचा पाण्याने भरलेला तांब्या आत्याने उचलला. धारूरकर म्हणाले की अहो बाई, ते तीर्थ आहे. ती थांबली नाही. न्हाणीमागे गेली, वास आला तसा नाकाला पदर लावला, चिखलात अनवाणी पाय रोवले, आणि खड्ड्याच्या तोंडाशी तांब्या हळूहळू उपडा केला, तुळशीला घालतात तशी बारीक धार धरून. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऋताला ऐकू आलं नाही.

मग तिने ते काळे झालेले पाय पदराच्या टोकाने पुसले आणि तशीच, पुन्हा आंघोळीला न जाता, मांडवात येऊन लग्नाला उभी राहिली.